बास्केटबॉलमधील रिबाउंड व दूरची फेक

बास्केटबॉल या सांघिक खेळातील दोन मूलभूत कौशल्ये व त्यांच्या सापेक्ष महत्त्वाविषयीचा एक जुना वाद. हुकलेल्या फेकीनंतर कड्यावरून अथवा फलकावरून उसळून आलेला चेंडू हस्तगत करणे, यास ‘रिबाउंड’ घेणे असे म्हणतात. कड्यापासून लांब अंतरावरून, सामान्यतः बचाव करणाऱ्या खेळाडूंच्या फळीबाहेरून, केलेली फेक ही दूरची फेक होय. सामना जिंकण्याच्या दृष्टीने या दोहोंपैकी कोणते कौशल्य अधिक निर्णायक ठरते, याविषयी प्रशिक्षकांत मतभेद आहेत. खेळाच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले आहे. हा बदल खेळाडूंच्या आवडीनिवडीमुळे झाला नसून प्रामुख्याने नियम, मैदान व साधने यांत होत गेलेल्या फेरफारांमुळे घडून आला. त्यामुळे अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांवरून काढलेले निष्कर्ष वरोऱ्यासारख्या गावातील शाळेच्या उघड्या मैदानावर जसेच्या तसे लागू पडतात काय, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

दोन कौशल्यांचे स्वरूप : आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बास्केटबॉलचे मैदान २८ मी. लांब व १५ मी. रुंद असते. लोखंडी कडे जमिनीपासून ३.०५ मी. उंचीवर असून त्याचा आतील व्यास सु. ४५ सेंमी., तर पुरुषांच्या चेंडूचा व्यास सु. २४ सेंमी. असतो. वरून सरळ खाली येणाऱ्या चेंडूस कड्याची पूर्ण रुंदी मिळते. मात्र चेंडू जितका सपाट येईल, तितके ते त्याच्या दृष्टीने अरुंद होत जाते. ४५ अंशांच्या कोनातून येणाऱ्या चेंडूस सु. ३२ सेंमी. इतकीच वाट मिळते, तर ३० अंशांच्या कोनात ती २२.५ सेंमी. म्हणजे चेंडूच्या व्यासापेक्षाही कमी होते. म्हणूनच दुरून फेकणाऱ्या खेळाडूस चेंडू उंच कमानीने पाठवावा लागतो. त्यासाठी पायांतील जोर, कोपराची दिशा व मनगटाची लय यांचा मेळ साधावा लागतो. हा मेळ दीर्घकालीन सरावानेच साधतो.

रिबाउंडचे तंत्र वेगळे आहे. केवळ उंच उडी मारून चेंडू मिळतोच असे नाही. फेक सुटताच प्रतिस्पर्ध्याला आपल्या पाठीमागे घेणे, पाय रोवून त्याची कड्याकडील वाट अडविणे आणि चेंडू कोठे पडेल याचा अंदाज बांधून तिकडे झेपावणे, असे त्याचे तीन टप्पे आहेत. यांतील अडवणुकीस ‘बॉक्सिंग आउट’ म्हणतात. बाजूने केलेली व हुकलेली फेक बहुधा समोरच्या बाजूस उसळते, तर दुरून आलेला चेंडू कड्यापासून लांब पडण्याची शक्यता अधिक असते, असा अनुभव आहे. याचा अर्थ असा, की दूरची फेक व रिबाउंड ही कौशल्ये परस्परांपासून अलग नाहीत. फेक कोठून झाली यावर रिबाउंड कोठे मिळेल हे अवलंबून असते.

उगम व फलकाचा प्रवेश : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्स) येथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ सुरू केला. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त व्यायामशाळेत खेळता यावे, हा त्याचा हेतू होता. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास पीच फळांच्या दोन करंड्या ठोकण्यात आल्या. सज्जाची उंची दहा फूट होती. आजच्या कड्याची ३.०५ मी. उंची त्यातूनच आली. पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू होते. त्यात एकच करंडी झाली. ती विल्यम चेस या विद्यार्थ्याने सु. २५ फुटांवरून केली, असे सांगितले जाते. खेळातील पहिला गुण अशा रीतीने दूरच्या फेकीतून मिळाला.

आरंभी करंडीमागे फलक नव्हता. हुकलेला चेंडू सज्जात जाई आणि तेथे बसलेले प्रेक्षक कधी आपल्या संघाला मदत करण्यासाठी, तर कधी प्रतिपक्षाला अडथळा आणण्यासाठी त्यात हात घालीत. हा उपद्रव थांबविण्यासाठी १८९०–१९०० या दशकाच्या मध्यास करंडीमागे जाळीचे फलक लावण्यात आले व पुढे लाकडी फलक रूढ झाले. फलकाचा हेतू केवळ प्रेक्षकांना दूर ठेवण्याचा होता. तथापि त्याचे दोन अनपेक्षित परिणाम झाले. एक म्हणजे फलकावर आपटून चेंडू कड्यात टाकण्याची युक्ती निघाली. दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता : हुकलेला चेंडू मैदानातच परत येऊ लागला व तो कोणी घ्यावयाचा, याची चुरस सुरू झाली. रिबाउंड या कौशल्याचा जन्म खऱ्या अर्थाने येथे झाला.

मध्यउडीचा काळ : १९३७ पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मैदानाच्या मध्यभागी नेऊन दोन संघांच्या खेळाडूंमध्ये उंच उडविला जात असे. परिणामी ज्या संघाचा मध्य खेळाडू उंच, त्या संघाला गुण मिळविल्यानंतरही चेंडू पुन्हा मिळण्याची शक्यता अधिक असे. १९३७ मध्ये अमेरिकेत ही पद्धत बंद करण्यात आली आणि ज्या संघावर बास्केट झाली, त्याला चेंडू देण्यात येऊ लागला. या एका बदलाने खेळाचे गणितच पालटले. दोन्ही संघांना आळीपाळीने चेंडू मिळू लागल्यामुळे त्यांच्या चढायांची संख्या जवळजवळ सारखी झाली. त्यानंतर प्रतिपक्षापेक्षा अधिक संधी मिळविण्याचे मुख्यतः दोनच मार्ग उरले : चेंडू न गमावणे किंवा हिरावून घेणे, हा एक आणि आपल्याच हुकलेल्या फेकीचा रिबाउंड घेणे, हा दुसरा. रिबाउंडची खरी किंमत या नियमापासून मोजता येऊ लागली.

याच सुमारास फेकीच्या तंत्रातही क्रांती झाली. तोवर दूरची फेक दोन्ही हातांनी, पाय जमिनीवर ठेवून करण्याची रीत होती. डिसेंबर १९३६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हँक लुइसेटी याने न्यूयॉर्क येथील सामन्यात एका हाताने, धावता धावता चेंडू फेकण्याचे तंत्र प्रभावीपणे वापरले. लाँग आयलंड विद्यापीठाच्या संघाची सलग ४३ विजयांची मालिका त्या सामन्यात खंडित झाली. पुढे १९४०–५० या दशकात उडी मारून हवेतून फेक करण्याची पद्धत रूढ झाली. बचाव करणाऱ्याच्या हातावरून चेंडू पाठविणे त्यामुळे शक्य झाले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले. हे सामने बंदिस्त प्रेक्षागारात न होता टेनिसच्या उघड्या मातीच्या मैदानांवर झाले. अमेरिका व कॅनडा यांच्यातील अंतिम सामन्याच्या वेळी पाऊस पडून मैदानात चिखल झाला. चेंडू टप्पे देत नेणे अशक्य झाले, ओल्या चेंडूने नेम साधेना आणि अमेरिकेने तो सामना अवघ्या १९–८ अशा गुणांनी जिंकला. वृद्ध नेस्मिथ या स्पर्धेस उपस्थित होता. त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) पथकाने बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकार व खेळ यांची प्रात्यक्षिके दाखविली, ही गोष्ट विदर्भातील वाचकांस परिचित आहे. बर्लिनच्या त्या सामन्याचा धडा मात्र फारसा लक्षात घेतला गेला नाही : मैदान व हवामान बदलले, की फेकीचे मोल बदलते.

उंच खेळाडूंचे वर्चस्व : दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जॉर्ज मायकन व बॉब कर्लंड यांसारखे अतिशय उंच खेळाडू पुढे आले. कड्याकडे उतरणारा चेंडू ते वरच्या वर अडवीत. त्यामुळे १९४४ मध्ये अमेरिकन महाविद्यालयीन नियमांत त्यावर बंदी घालण्यात आली. कड्याखाली ठाण मांडता येऊ नये, म्हणून व्यावसायिक खेळातील निषिद्ध क्षेत्राची रुंदी १९५१ मध्ये ६ फुटांवरून १२ फूट व १९६४ मध्ये १६ फूट करण्यात आली. उंचीला आवर घालण्याचे नियमकर्त्यांचे हे प्रयत्न त्या काळातील रिबाउंडचे महत्त्वच दर्शवितात.

१९५४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने (एन. बी. ए.) चोवीस सेकंदांच्या आत फेक करण्याचे बंधन घातले. त्यापूर्वी आघाडीवरील संघ चेंडू नुसता खेळवीत राही. १९५० मधील एक सामना १९–१८ अशा गुणांवर संपला होता. नव्या बंधनामुळे फेकींची संख्या वाढली व हुकलेल्या फेकीही वाढल्या. बिल रसेल याची कारकीर्द याच काळात घडली. १९५७ ते १९६९ या काळात बॉस्टनच्या संघाने त्याच्यासह ११ अजिंक्यपदे मिळविली आणि रसेलने एकूण २१,६२० रिबाउंड घेतले. विल्ट चेंबरलिन याने नोव्हेंबर १९६० मध्ये एकाच सामन्यात ५५ रिबाउंड घेण्याचा विक्रम केला; तथापि तो सामना रसेलच्या बॉस्टन संघाने जिंकला. रिबाउंडच्या सर्वोच्च विक्रमानेही विजयाची खात्री मिळत नाही, असा या घटनेचा अर्थ आहे. शिवाय त्या काळी दहांपैकी जेमतेम चार फेकी यशस्वी होत असत. हुकलेल्या चेंडूंचे पीकच मोठे असल्यामुळे रिबाउंडचे आकडेही मोठे दिसतात, हे ते वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

पुढील काळातील डेनिस रॉडमन याचे उदाहरण उंचीविषयीचा समज दूर करणारे आहे. सु. २.०१ मी. उंचीचा हा खेळाडू व्यावसायिक खेळातील कड्याखालच्या खेळाडूंच्या मानाने ठेंगणाच होता. तरीही १९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग सात हंगाम दर सामन्यातील सरासरी रिबाउंडमध्ये तो अग्रेसर राहिला. चेंडू कोठे पडेल याचा अभ्यास व जागा धरण्याची चिकाटी हे त्याचे भांडवल होते.

तीन गुणांची रेषा : दूरच्या फेकीला अधिक गुण देण्याची कल्पना अमेरिकेतील दोन अल्पायुषी व्यावसायिक संघटनांनी १९६१ व १९६७ मध्ये अमलात आणली. एन. बी. ए. ने ती १९७९ मध्ये स्वीकारली. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने (फिबा, स्थापना १९३२) १९८४ मध्ये ६.२५ मी. अंतरावर तीन गुणांची रेषा आखली व २०१० मध्ये ती ६.७५ मी. पर्यंत मागे नेली. एन. बी. ए. मध्ये हे अंतर मध्यभागी ७.२४ मी. आहे.

आरंभी या रेषेकडे एक गंमत म्हणून पाहिले गेले. १९७९-८० च्या हंगामात एन. बी. ए. मधील एक संघ दर सामन्यात अशा सरासरी तीनपेक्षा कमी फेकी करीत असे. चाळीस वर्षांनी हे प्रमाण तीसच्या वर गेले. यामागील हिशेब साधा आहे. दोन गुणांच्या फेकीत निम्मे यश मिळाले, तर दर फेकीमागे एक गुण पडतो. तीन गुणांच्या फेकीत तोच एक गुण मिळविण्यास एकतृतीयांश यश पुरेसे होते. सामान्यतः, दूरच्या फेकीचे यश जवळच्या फेकीच्या यशाच्या दोनतृतीयांशांहून अधिक असेल, तर दुरून फेकणे फायद्याचे ठरते. स्टीफन करी याने २०१५-१६ च्या हंगामात अशा ४०२ फेकी यशस्वी केल्या, तेव्हा या हिशेबाची शक्ती सर्वांच्या प्रत्ययास आली.

याच काळात आपल्या हुकलेल्या फेकीमागे धावण्याची वृत्ती कमी झाली. १९८० च्या सुमारास एन. बी. ए. संघ आपल्या हुकलेल्या फेकींपैकी सु. एकतृतीयांश चेंडू परत मिळवीत. पुढे हे प्रमाण एकचतुर्थांशाच्या खाली आले. रिबाउंडसाठी कड्याखाली गर्दी केली, तर प्रतिपक्ष वेगाने दुसऱ्या टोकाला जाऊन सहज बास्केट करतो. त्यापेक्षा मागे परतून बचाव केलेला बरा, असा विचार बळावला. अलीकडील काही हंगामांत मात्र हे प्रमाण पुन्हा किंचित वाढू लागले आहे. फिबाने २०१४ मध्ये आक्रमक रिबाउंडनंतर चोवीसऐवजी चौदाच सेकंद देण्याचा नियम केला व एन. बी. ए. ने तो २०१८ मध्ये स्वीकारला. त्यामुळे अशा रिबाउंडनंतर चेंडू खेळवीत वेळ काढण्याची सोय कमी झाली.

दूरच्या फेकीची दुसरी बाजूही इतिहासात नोंदली गेली आहे. मे २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने एन. बी. ए. च्या उपांत्य मालिकेतील निर्णायक सामन्यात तीन गुणांच्या लागोपाठ २७ फेकी हुकविल्या व सामना गमावला. त्या संपूर्ण हंगामात याच शस्त्राने त्या संघाला यश मिळाले होते. दूरच्या फेकीची सरासरी दीर्घ हंगामात विश्वासार्ह असते. एका सायंकाळी मात्र ती दगा देऊ शकते.

संख्याशास्त्रीय विचार : डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनात विजयाचे चार घटक मांडले. त्याने फेकीच्या यशास सु. ४० टक्के, चेंडू न गमावण्यास २५ टक्के, रिबाउंडला २० टक्के व मुक्त फेकींना १५ टक्के भार दिला. या मांडणीनुसार फेक ही रिबाउंडच्या दुप्पट महत्त्वाची ठरते. मात्र येथे ‘फेक’ या संज्ञेत जवळची व दूरची अशा दोन्ही फेकी समाविष्ट आहेत, तसेच हा भार उच्च दर्जाच्या खेळाडूंच्या सामन्यांवरून काढलेला आहे.

खालच्या स्तरावर काय घडते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एखाद्या संघाने ६० फेकी केल्या व त्यांपैकी निम्म्या साधल्या, तर दोन गुणांप्रमाणे ६० गुण होतात आणि ३० चेंडू हुकतात. आणखी दहा टक्के रिबाउंड मिळविले, तर तीन जादा फेकी व सु. तीन गुण मिळतात, म्हणजे पाच टक्के वाढ होते. आता नवशिक्या संघाच्या ६० पैकी १५ च फेकी साधल्या असे समजू. त्याचे गुण ३० व हुकलेले चेंडू ४५. येथे तेवढ्याच जादा रिबाउंडमुळे साडेचार फेकी व सव्वादोन गुण मिळतात. परंतु ३० गुणांच्या मानाने ही वाढ साडेसात टक्के आहे. शिवाय रिबाउंड कड्याजवळ मिळत असल्याने पुढची फेक सोपी असते. तेव्हा प्रत्यक्ष लाभ याहून अधिक असण्याचा संभव आहे. यावरून असे म्हणता येते, की नेम जितका कच्चा, तितके रिबाउंडचे सापेक्ष मोल वाढते.

भारतातील व महाराष्ट्रातील प्रसार : भारतात हा खेळ वाय. एम. सी. ए. च्या शाखांमार्फत आला. एच. सी. बक यांनी मद्रास येथे १९२० मध्ये स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी तो देशभर नेला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३४ मध्ये दिल्ली येथे झाली व भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० मध्ये झाली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ सहभागी झाला. परंतु त्याला सर्व सामने गमवावे लागले. उंची व ताकद यांत भारतीय संघ कमी पडतो, हे मत त्यानंतर दृढ झाले. तथापि जुलै २०१४ मध्ये वूहान (चीन) येथील फिबा आशिया चषक स्पर्धेत भारताने उंच खेळाडूंच्या यजमान चीनचा ६५–५८ असा पराभव केला, तेव्हा या मताला मर्यादा असल्याचे दिसून आले.

महाराष्ट्रात मुंबईच्या नागपाडा भागाचे स्थान विशेष आहे. दाट वस्तीच्या या कामगार विभागात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०–३० या दशकात ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ हे समाजकेंद्र उभारले. १९३६ मध्ये पुढे ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचा आरंभ तेथेच झाला. नागपाड्यातील मैदानांवर बास्केटबॉल रुजला व त्या गल्ल्यांतून राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू निघाले. भारताचे कर्णधारपद भूषविलेले व १९७० च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुन्तसिर हे त्यांपैकी होत. तेथील महापालिकेचे मैदान बच्चू खान या प्रशिक्षकांच्या नावाने ओळखले जाते. नागपाड्याची परंपरा कोणत्याही सुसज्ज प्रेक्षागारात घडलेली नाही. ती उघड्या मैदानावर, वस्तीतील मुलांच्या रोजच्या खेळातून घडली.

विदर्भात या खेळाचे प्रमुख केंद्र नागपूर असून शिवाजीनगर जिमखाना, धरमपेठ क्रीडा मंडळ यांसारख्या संस्थांनी तो जोपासला आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करून देशी खेळांबरोबर आधुनिक खेळांच्या प्रसारासही हातभार लावला. महिलांच्या खेळात पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले आहे.

वरोरा व वनप्रदेशातील परिस्थिती : वरोरा हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वर्धा–बल्लारपूर लोहमार्गावर वसले आहे. एकोणिसाव्या शतकातील दगडी कोळशाची खाण व बाबा आमटे यांचे आनंदवन यांमुळे ते सर्वपरिचित आहे. येथील शालेय खेळाडूंना तालुका, जिल्हा, नागपूर विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी पुढे जावे लागते. महाविद्यालयीन खेळाडूंचे क्षेत्र पूर्वी नागपूर विद्यापीठ हे होते. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्या कक्षेत आले. विभागीय पातळीवर गाठ पडते ती नागपूरच्या संघांशी. त्यांना नियमित प्रशिक्षण व चांगली मैदाने अधिक सहजतेने उपलब्ध असतात. म्हणून सरावाचा मर्यादित वेळ कशावर खर्च करावा, हा प्रश्न लहान गावातील क्रीडाशिक्षकापुढे केवळ तात्त्विक स्वरूपाचा राहत नाही.

या प्रदेशातील नैसर्गिक परिस्थितीही विचारात घ्यावी लागते. चंद्रपूरचा उन्हाळा अत्यंत कडक असून मे महिन्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. तेव्हा उघड्या मैदानावरील सराव पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच शक्य होतो. पावसाळ्यात मैदान निसरडे होते. वारा सुटला, की उंच कमानीने जाणारा चेंडू मार्ग बदलतो, आणि जितके अंतर लांब तितका हा दोष वाढतो. जवळून केलेल्या फेकीवर व रिबाउंडवर वाऱ्याचा परिणाम त्या मानाने अल्प होतो. बर्लिनच्या चिखलात जगातील सर्वोत्तम संघाला १९ गुणांवर समाधान मानावे लागले, हे येथे आठवावे. अशा मैदानावर दूरच्या फेकीवर सर्व भिस्त ठेवणारा संघ स्वतःचे नशीब हवामानाच्या हाती देतो.

याच्या उलट, रिबाउंडची सवय कोणत्याही मैदानावर लावता येते. पाठीमागे प्रतिस्पर्ध्याला घेऊन जागा धरणे यास चेंडूही लागत नाही. दोन खेळाडू व थोडी मोकळी जागा पुरते. कबड्डीच्या मैदानावर पाय रोवून उभे राहण्याची, क्षणार्धात दिशा बदलण्याची आणि अंगाशी अंग भिडले तरी न डगमगण्याची सवय असलेल्या मुलामुलींना हे तंत्र परके वाटत नाही. एका हंगामात त्यात दिसण्याजोगी प्रगती होते. भरवशाची दूरची फेक मात्र अनेक वर्षांच्या सरावाने तयार होते. परंतु तिचा सराव पुढे ढकलणे हीही चूक ठरते. शाळेत उंच मुलाला कड्याखाली उभे करून ठेवावयाचे व त्याला फेक शिकवावयाचीच नाही, ही पद्धत अनेक ठिकाणी आढळते. पुढे वरच्या पातळीवर त्याच्याहून उंच खेळाडू भेटतात, तेव्हा त्याच्याजवळ दुसरे कौशल्य नसते. ठेंगण्या मुलास रिबाउंड न शिकविल्याने होणारी हानीही तितकीच मोठी असते.

अलीकडे प्रसार पावलेला ‘तीन विरुद्ध तीन’ हा खेळप्रकार लहान गावांच्या दृष्टीने उपयुक्त आहे. अर्धे मैदान, एक कडे व राखीव खेळाडूसह चौघांचा संघ एवढ्यावर तो खेळता येतो. टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१ साली झालेल्या) त्याचा प्रथमच समावेश झाला. या प्रकारात कमानीच्या आतील फेकीस एक व बाहेरील फेकीस दोन गुण मिळतात. म्हणजे दूरच्या फेकीचे मोल दीडपटीऐवजी दुप्पट होते. जवळच्या फेकीच्या निम्म्याहून अधिक यश मिळाले, तरी दुरून फेकणे हिताचे ठरते. नियम बदलताच जुन्या प्रश्नाचे उत्तरही कसे बदलते, याचे हे अगदी ताजे उदाहरण होय.

मूल्यमापन : फेकीमुळे चेंडू हाती आल्याच्या प्रत्येक संधीचे मोल ठरते, तर रिबाउंडमुळे संधींची संख्या ठरते. विजय हा या दोहोंचा गुणाकार आहे. फलकाने रिबाउंडला जन्म दिला, १९३७ च्या नियमाने त्याला मोल दिले, चोवीस सेकंदांच्या बंधनाने त्याचे पीक वाढविले आणि तीन गुणांच्या रेषेने तराजू फेकीच्या बाजूला झुकविला. आजच्या उच्च पातळीवरील बंदिस्त मैदानांत अचूक दूरची फेक अधिक निर्णायक आहे, हे मान्य करावे लागते. अचूकतेवाचून मात्र ती प्रतिपक्षाला दिलेली भेट ठरते. उघड्या मैदानावर व नवशिक्या संघांत रिबाउंड हा अधिक भरवशाचा आधार होय. म्हणून वरोऱ्यासारख्या ठिकाणी संघबांधणीचा आरंभ रिबाउंडपासून करावा, फेकीचा नित्य सराव पहिल्या दिवसापासून प्रत्येकाकडून करून घ्यावा आणि जसजसा नेम पक्का होईल, तसतसे कड्यापासूनचे अंतर वाढवीत न्यावे, हाच क्रम खेळाच्या इतिहासाशी व तेथील परिस्थितीशी सुसंगत आहे. उंचीचे दान प्रत्येकाला सारखे मिळत नाही. जागा धरण्याची व नेम साधण्याची विद्या मात्र कोणत्याही मुलाला शिकविता येते.